हाताखाली पिशवी कडक लागते आहे का? बाळंतपणानंतरचं रक्त हातांनी रोखण्याची पद्धत

बाळ रडतं, नाळ कापली जाते आणि लेबर रूममधल्या सगळ्यांचं लक्ष बाळाच्या वजनकाट्याकडे जातं. नेमकं त्याच वेळी टेबलावरच्या बाईच्या पोटावर एक हात असायलाच हवा. तो हात कुठे ठेवायचा, कधी चोळायचं, कधी आत घालायचा आणि किती वेळ जागचा हलवायचा नाही, हे मी इथे सविस्तर लिहिते आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहेत उपकेंद्रातल्या एएनएम (बाळंतपणं करणाऱ्या परिचारिका), ग्रामीण रुग्णालयातल्या स्टाफ नर्सेस आणि आंतरवासिता करणारे नवे डॉक्टर. यातलं बरंचसं आधी पुतळ्यावर आणि मग अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून शिकायचं असतं. वाचून लगेच करायचं नसतं. घरच्या माणसांनी हे वाचलं तर चांगलंच आहे, पण त्यांचं काम १०८ ला फोन करणं आणि बाईला दवाखान्यात पोहोचवणं एवढंच. त्यात उशीर करायचा नाही.

आधी आत काय घडतं ते समजून घेऊ. दिवस भरलेल्या गर्भपिशवीत, म्हणजे गर्भाशयात, मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त फिरत असतं. वार (प्लॅसेंटा) सुटली की तिच्यामागच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. पिशवीच्या स्नायूंचे धागे या रक्तवाहिन्यांभोवती आडवेतिडवे गुंफलेले असतात. पिशवी आवळली की हेच धागे रक्तवाहिन्यांना पिळून बंद करतात. आवळली नाही तर नळ उघडाच राहतो. बाळंतपणानंतर जास्त रक्त गेलेल्या दहा बायकांपैकी सुमारे सात जणींमध्ये कारण हेच असतं, पिशवी सैल पडलेली. बाकीच्यांमध्ये कुठेतरी फाटलेलं असतं, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो किंवा रक्त गोठत नसतं. हातांचं बहुतेक काम पहिल्या कारणासाठी आहे, पण बाकीची तीन कारणंही हातालाच आधी कळतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. हिमोग्लोबिन अकरा असलेली बाई जेवढं रक्त गेलेलं सोसते, तेवढं हिमोग्लोबिन सात असलेली सोसत नाही. त्यामुळे ५०० मिलिलिटर गेलं की जास्त रक्तस्राव मानायचा, हा पुस्तकातला आकडा प्रत्येकीसाठी सारखा नसतो.

डोळ्यांवर विसंबू नका, मोजा

रक्त किती गेलं याचा अंदाज आपण नेहमी कमीच सांगतो. वर्षानुवर्षं लेबर रूममध्ये काम केलेल्या सिस्टरही कमीच सांगतात आणि डॉक्टरही. २००६ साली बेळगावचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या भागातल्या खेड्यांत बाळंतिणीच्या खाली नरसाळ्यासारखा निमुळता होत जाणारा, आकडे छापलेला प्लास्टिकचा ड्रेप घालून रक्त मोजलं गेलं. त्याच कामात दिसून आलं की नजरेचा अंदाज ड्रेपच्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. म्हणजे आपण ३०० म्हणतो तेव्हा साडेचारशे गेलेलं असू शकतं.

हाच ड्रेप पुढे मोठ्या बदलाचा पाया ठरला. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतल्या दोन लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांनी ड्रेपने मोजलं आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपाय एकदम सुरू केले, तिथे गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के राहिलं. जिथे नेहमीच्या पद्धतीने काम चाललं होतं तिथे रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या वेळेवर लक्षातच आल्या नव्हत्या. हा आकडा मला फार अस्वस्थ करतो. औषध कपाटात असतं, हात शेजारी असतात, आणि तरी कुणाला कळलेलं नसतं.

तुमच्याकडे ड्रेप नसेल तरी मोजता येतं. आजच लेबर रूममधला किडनी ट्रे घ्या, त्यात मापाने पाणी ओता आणि तो किती मिलिलिटरला भरतो ते लिहून भिंतीवर लावा. प्रत्येक ठिकाणचा ट्रे वेगळा असतो. कोरडं पॅड, कोरडी चादर आणि कोरड्या गॉजचं वजन एकदा करून ठेवा. भिजल्यावर वजन करून कोरडं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. आणि ट्रे किंवा ड्रेप लावायचा तो बाळ बाहेर आल्यावर, गर्भजल वाहून गेल्यानंतर. नाहीतर पाणीच मोजत बसाल.

कधी हलायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शनाप्रमाणे ५०० मिलिलिटर झालं की उपचार सुरू करायचेच. पण ३०० झालं आणि सोबत नाडी १०० च्या वर, वरचा बीपी १०० च्या खाली, खालचा ६० च्या खाली किंवा नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. तरुण बाईचं शरीर बराच वेळ बीपी टिकवून धरतं, मग एकदम सोडतं. नाडी आधी बोलते, बीपी नंतर.

वार पडेपर्यंत

रक्तस्राव रोखण्याचं पहिलं काम हाताचं नाही, इंजेक्शनचं आहे. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री झाली की मिनिटभरात पिशवी आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत द्यायचं. ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायचं. ते खोलीतल्या खिडकीपाशी ट्रेमध्ये उष्णतेत बरेच दिवस पडून असेल, तर त्याचा जोर कमी झालेला असू शकतो. नाळ घाईने बांधू नका. बाळ ठीक असेल तर एक ते तीन मिनिटं थांबा.

मग वार काढताना नाळेचा नियंत्रित ताण. हे फक्त शिकलेल्या हातांनीच करायचं. नाळेला योनीच्या तोंडाजवळ क्लॅम्प लावा आणि तो एका हातात धरा. दुसरा हात जघनाच्या हाडाच्या (ओटीपोटाखालच्या समोरच्या हाडाच्या) लगेच वर ठेवा, तळवा नाभीच्या दिशेला. पिशवी आवळून गोल होण्याची वाट पहा. नाळ थोडी लांबते, रक्ताची छोटी उसळी येते, पिशवी पोटात गोल होऊन वर आल्यासारखी दिसते. आता वरच्या हाताने पिशवीला नाभीकडे ढकलून धरा आणि खालच्या हाताने नाळ हळू, सारख्या ताणाने खाली ओढा. तीस-चाळीस सेकंदांत वार खाली सरकली नाही तर ओढणं सोडा. पुढची कळ येईपर्यंत थांबा आणि पुन्हा करा.

यात एकच चूक भयंकर आहे. वरचा हात न ठेवता, पिशवी सैल असताना नाळ ओढायची नाही. त्याने नाळ तुटते किंवा पिशवीच आतून बाहेर उलटी होते. पूर्वी पोट जोराने दाबून वार पिळून काढायची पद्धत होती, तीही करू नका. दारात उभी असलेली सासू किंवा आजी कधी म्हणेल, वेणीचं टोक तिच्या तोंडात घाला, उबळ आली की वार पडेल. त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलेलं असतं, म्हणून रागावू नका. पण ते करूही देऊ नका.

वार बाहेर येऊ लागली की दोन्ही हातांत धरून हळूहळू पिळा देत फिरवा, म्हणजे वारेला लागून असलेले पातळ पडदे अखंड येतात. मग वार ट्रेमध्ये पसरून बघा. आईकडची बाजू वर ठेवा, भाग एकमेकांना जुळतात का पहा. कुठे खळगा दिसला, एखादी रक्तवाहिनी कडेला एकदम तुटलेली दिसली, तर तुकडा आत असू शकतो. ही दोन मिनिटं वाचवून काही मिळत नाही.

पिशवी चोळणं

वार पडली की लगेच पोटावर हात. नाभीच्या आसपास पिशवीचं टोक सापडतं. कडक असेल तर ती नारळासारखी लागते, बोटं आत जात नाहीत. सैल असेल तर भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं लागतं, आणि कधी कधी पिशवी सापडतच नाही. पिशवी सापडत नाही म्हणजे ती ठीक आहे असं नाही, ती सैल आहे असं समजा.

ऑक्सिटोसिन दिलेल्या बाईला पिशवी कडक असताना सतत चोळत बसण्याने फायदा होत नाही, उलट दुखतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना रक्तस्राव टाळण्यासाठी सतत चोळायला सांगत नाही. फक्त तपासत राहायला सांगते. रक्त जास्त जातंय किंवा पिशवी सैल आहे असं दिसलं, की मात्र चोळणं हा पहिला उपाय.

बाईच्या बाजूला उभं राहून तिला आधी सांगा, "ताई, पोट दाबणार आहे, दुखेल, पण रक्त थांबवायचंय." एक हात जघनाच्या हाडाच्या वर आडवा ठेवा, तो पिशवीचा खालचा भाग धरून ठेवतो. दुसऱ्या हाताचा तळवा वाटीसारखा करून पिशवीच्या टोकावर ठेवा, बोटं मागच्या बाजूला. मग गोल गोल, दमदारपणे चोळा. नुसत्या बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, पूर्ण तळव्याने. पिशवी आवळली की हाताला कळतं, ती हाताखाली गोळा होऊन वर येते. ती आवळलेली असतानाच टोकावरून खाली, योनीच्या दिशेने दाबून आतल्या गुठळ्या बाहेर काढा. सैल पिशवीवर असा दाब कधीच देऊ नका. गुठळ्या आत राहिल्या तर पिशवी पुन्हा पुन्हा सैल पडते.

हे मी एका बाईमुळे शिकले. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. तिचं तिसरं बाळंतपण, रात्री अडीचची वेळ. वार पडली, पिशवी कडक लागली, पॅडवर जेमतेम रक्त. मी कागद भरायला बसले. वीस मिनिटांनी परत आले तर ती म्हणाली, "सिस्टर, चक्कर येतीय." चादर समोरून कोरडी होती. पोटावर हात ठेवला तर पिशवीचं टोक नाभीच्या चार बोटं वर आलेलं. चोळून दाबलं तेव्हा अर्ध्या नारळाएवढी गुठळी बाहेर आली आणि तिच्यामागे गरम रक्त माझ्या पायांवर आलं. रक्त बाहेर दिसत नव्हतं कारण ते आतच साठत होतं, आणि बाकीचं तिच्या पाठीखाली मुरलं होतं. ती वाचली. पण त्या दिवसापासून मी पॅड बघण्याआधी पोट चाचपते, आणि पाठीखाली हात घालून पाहिल्याशिवाय कोरडं आहे असं लिहीत नाही.

पिशवी वर सरकलेली आणि उजवीकडे झुकलेली लागली तर आधी लघवीची पिशवी रिकामी करा. भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भपिशवी आवळू शकत नाही. बाई म्हणाली "मला लघवी लागली नाही" तरीही. बाळंतपणानंतर ती संवेदना बऱ्याचदा नसते. कॅथेटर (लघवीची नळी) घाला आणि तसाच राहू द्या. पुढे लघवी किती होतेय ते कळतं, आणि तेही गरजेचं आहे.

हात पोटावर असताना तोंडाने हाक मारा

इथे एक गोष्ट ठासून सांगते. एकट्याने रक्तस्राव सांभाळायचा नाही. एक हात पिशवीवर ठेवूनच मोठ्याने ओरडा. जो येईल त्याला एक-एक काम नाव घेऊन सांगा. "तू सलाईन लाव, तू इंजेक्शन भर, तू वेळ लिही." नुसतं "कुणीतरी या" म्हटलं की चार जण येतात आणि चौघं बघत उभे राहतात.

चोळणं चालू असतानाच हिरवी किंवा ग्रे व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची जाड सुई) टाकून सलाईन सुरू करायचं, त्यात ऑक्सिटोसिन घालायचं. रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून हळूहळू दहा मिनिटांत द्यायचं, आणि ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आतच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वीस हजार बायकांच्या अभ्यासातून या औषधाचा फायदा कळला, आणि तो अभ्यास दुसऱ्या एका अभ्यासाशी जोडून पाहिल्यावर कळलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने हा फायदा घटत जातो. पिशवी आवळणारी आणखी दोन औषधं आहेत. मिथरजिन बीपी वाढलेल्या बाईला नको. कार्बोप्रोस्ट दमा असलेल्या बाईला नको. औषधांचे डोस आणि क्रम तुमच्या लेबर रूमच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्याप्रमाणे, डॉक्टरांच्या सांगण्याने. ही सगळी एकामागून एक वाट बघत करायची कामं नाहीत. एकदम सुरू करायची.

दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरणं

चोळून आणि औषधं देऊनही पिशवी सैल पडते आहे, रक्त वाहतंच आहे, तेव्हा हे करायचं. औषध काम करेपर्यंत, गाडी येईपर्यंत, ऑपरेशन थिएटर तयार होईपर्यंत या दाबाने वेळ मिळतो. माझ्या मते लेबर रूममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकीला हे एक कौशल्य झोपेतही यायला हवं, म्हणून टप्प्याटप्प्याने लिहिते.

१. कोपरापर्यंतचे निर्जंतुक ग्लोव्हज घाला. नसतील तर एका निर्जंतुक ग्लोव्हची बोटं कापून तो मनगटाच्या वर, हातावर सरकवा आणि त्यावर हातात दुसरा अखंड ग्लोव्ह घाला. बांगड्या, घड्याळ आधीच काढलेले असू देत.

२. बाईला सांगा. शुद्धीत असेल तर तिला खूप दुखणार आहे. तिच्या डोक्याशी कुणाला तरी उभं करा, तिचा हात धरायला.

३. हात निमुळता करून, अंगठा तळव्यात मिटून योनीत घाला. आतल्या गुठळ्या काढा.

४. आत गेल्यावर मूठ वळा. मूठ पिशवीच्या तोंडाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे बाईच्या पोटाच्या दिशेला असलेल्या खोलगट जागेत टेकवा. बोटांची पाठ पिशवीच्या पुढच्या भिंतीला लागलेली. मूठ पिशवीच्या आत नाही, योनीत, पिशवीच्या पुढे असते. नव्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

५. दुसरा हात पोटावरून पिशवीच्या मागे खोल न्या, जणू पिशवीला पाठीमागून कवेत घ्यायचंय. बोटं कण्याच्या दिशेला खोल जायला हवीत.

६. आता दोन्ही हात एकमेकांकडे आणा. आतली मूठ वर, बाहेरचा तळवा पुढे आणि खाली. पिशवी दोघांच्या मध्ये दाबली गेली पाहिजे. तळव्याखालून ती निसटत असेल तर बाहेरचा हात पुरेसा मागे गेलेला नाही.

७. धरून ठेवा. इथेच सगळे चुकतात. मिनिटभराने रक्त थांबल्यासारखं वाटतं आणि हात सोडून बघावंसं वाटतं. सोडू नका. किमान पाच मिनिटं घड्याळ लावून, आणि पिशवी स्वतःच्या बळावर आवळेपर्यंत. एकीला घड्याळ बघून मिनिटं मोठ्याने मोजायला सांगा.

८. सोडताना एकदम नाही. दाब हळूहळू कमी करा आणि रक्त पुन्हा येतंय का ते बघा. आलं तर पुन्हा तोच दाब.

खरं सांगायचं तर दोन-तीन मिनिटांत हात भरून येतात, खांदे थरथरतात. टेबल उंच असेल तर पायाखाली पायरी घ्या. दोघी असाल तर काम वाटून घ्या. एकीने आतली मूठ धरायची, दुसरीने दोन्ही हातांनी पोटावरून पिशवी तिच्या मुठीकडे दाबायची. एकटीने धरण्यापेक्षा असा दाब जास्त वेळ टिकतो. बदली करायची तर नवीन माणसाने ग्लोव्ह घालून तयार उभं राहायचं आणि मगच पहिलीने हात काढायचा.

ग्लोव्हजच नाहीत, वाटेत आहात, तर फक्त बाहेरूनही दाबता येतं. एक हात पिशवीच्या टोकामागे, दुसरा जघनाच्या हाडाच्या वर, आणि पिशवी दोघांच्या मध्ये आवळून धरायची. आतल्या दाबाइतकं हे प्रभावी नाही, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरं.

पोटातली मोठी धमनी दाबणं

बाळंतपणानंतर पोटाची भिंत सैल असते, त्यामुळे कण्यावरून खाली जाणारी मुख्य धमनी पोटावरून सहज हाताला लागते. ती दाबली की खालच्या भागाला जाणारं रक्त कमी होतं. याला काहीच साहित्य लागत नाही आणि योनीत हात घालावा लागत नाही, म्हणून हे प्रत्येकीला यावं.

नाभीच्या किंचित वर, थोडं डावीकडे, तिथली धडधड बोटांनी शोधा. ती सापडली की मूठ वळून तिथे टेकवा. कोपर सरळ ठेवा आणि अंगाचा भार सरळ खाली, कण्याकडे द्या. दुसऱ्या हाताची बोटं जांघेत ठेवा. तिथली नाडी लागत असेल तर दाब कमी पडतोय. नाडी लागेनाशी झाली की दाब पुरेसा आहे. तो तसाच धरा. जांघेतला हात काढायचा नाही, कारण दाब सैल पडला की आधी तिथेच कळतं. रक्त आटोक्यात आलं की दाब हळूहळू सोडा.

पायरीवर उभं राहून किंवा टेबलाच्या कडेला गुडघा टेकवून हे केलं तर जास्त वेळ धरता येतं. एकजण धमनीवर आणि दुसरी योनीत तपासत असेल तर डॉक्टरांना फाटलेली जागाही नीट दिसते, कारण रक्ताचा लोंढा कमी झालेला असतो.

पिशवी कडक, तरी रक्त

हातांना पिशवी नारळासारखी लागतेय आणि तरी खालून लालभडक रक्ताची धार चालूच आहे, तर चोळत बसू नका. बहुतेक कुठेतरी फाटलंय. चांगला उजेड घ्या. शक्यतो बाईला टेबलाच्या कडेला आणून, पाय वर घेऊन पाहा. योनीमार्ग वर-खाली, दोन्ही बाजूंनी, आणि पिशवीचं तोंड दोन स्पंज होल्डरनी धरत गोल फिरवून सगळीकडून तपासायचं. जिथून रक्त येतंय तिथे गॉज घट्ट दाबून धरा आणि टाके घालायला डॉक्टरांना हाक मारा. वरवरच्या फाटीला पाच मिनिटांचा सरळ दाब पुष्कळदा पुरतो. गॉज आत किती गेले ते मोजून ठेवा, काढताना तेवढेच काढा.

वार अडकली, किंवा पिशवी उलटली

ऑक्सिटोसिन देऊन अर्धा तास झाला आणि वार पडत नाही, पण रक्त फारसं जात नाही, तर लघवीची पिशवी रिकामी करा, बाळाला अंगावर घ्या, पुन्हा नियंत्रित ताण देऊन बघा आणि डॉक्टर किंवा रेफरलची तयारी करा. रक्त जात असेल तर अर्ध्या तासाची वाट पाहू नका.

हात घालून वार काढणं हे डॉक्टरांचं किंवा खास प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीचं काम आहे. दुखणं कमी करणारं औषध, एक अँटिबायोटिकचा डोस, लांब ग्लोव्हज. एक हात नाळेच्या मागोमाग आत, दुसरा पोटावरून पिशवी घट्ट धरून. वारेची कड सापडली की हाताची कड आडवी चालवत वार भिंतीपासून अलगद सोडवायची आणि सगळी सुटल्यावरच बाहेर आणायची. तुकडे तोडून ओढायचं नाही. कड सापडतच नाही, वार भिंतीला चिकटून एकजीव लागते, तर तिथेच थांबायचं. तशी वार ओढली तर रक्तस्राव हाताबाहेर जातो. अशा बाईला ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच न्यायला हवं.

पिशवी उलटणं दुर्मिळ आहे. योनीत किंवा बाहेर लाल गोळा दिसतो, पोटावर पिशवी लागत नाही आणि बाई एकदम शॉकमध्ये जाते, गेलेल्या रक्ताच्या मानाने फारच जास्त. वार अजून चिकटलेली असेल तर ती काढू नका. ऑक्सिटोसिन बंद करा. जितक्या लवकर, तितकं सोपं. तळव्यात तो गोळा घेऊन, जो भाग शेवटी बाहेर आला तो आधी आत, असं नाभीच्या दिशेने वर ढकलायचं. पिशवी जागेवर गेल्यावर हात काही मिनिटं आतच ठेवायचा आणि मग ऑक्सिटोसिन पुन्हा सुरू करायचं. नुसते पाहत राहिलात तर पिशवीचं तोंड आवळतं आणि मग भुलीशिवाय काही होत नाही.

गाडीत

हे सगळं करूनही रक्त थांबत नसेल तर तुमच्या सोयीनुसार कंडोम आणि कॅथेटरचा फुगा घालून आतून दाब द्यायचा. हा उपाय बांगलादेशातल्या डॉक्टर सायेबा अख्तर यांनी रुळवला आणि आज कित्येक देशांत वापरला जातो. त्यासोबत शॉकविरोधी पोशाख (पाय आणि पोट घट्ट आवळून धरणारा) असेल तर तो घालायचा, आणि बाईला पुढच्या रुग्णालयात हलवायचं.

पण हलवायचं म्हणजे स्ट्रेचरवर ठेवून दार लावायचं नव्हे. गाडीत एक प्रशिक्षित सिस्टर किंवा डॉक्टर सोबत हवी, आणि तिचे हात पिशवीवर किंवा धमनीवर हवेत. मोठ्या रस्त्याचा पाऊण तास एकटीने धरणं शक्य नाही. म्हणून दोघी जा. बाईला पांघरूण घाला, गार पडलेल्या बाईचं रक्त नीट गोठत नाही. निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात फोन करून तिचा रक्तगट सांगा. चिठ्ठीत किती मिलिलिटर गेलं, कोणतं औषध किती वाजता दिलं, ट्रानेक्सॅमिक किती वाजता दिलं, हे घड्याळाच्या वेळांसकट लिहा. पुढच्या डॉक्टरांना "ब्लीडिंग झालं" एवढ्याने काहीच कळत नाही.

पहिले दोन तास

रक्त थांबलं, पिशवी कडक झाली, बाई पाणी मागते. तरी अजून दोन तास तिला सोडायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी पिशवी, पॅड, नाडी, बीपी. पाठीखाली हात घालून. बाळाला छातीशी लावा, दूध ओढताना पिशवी आपोआप आवळते.

आणि तिलाच शिकवा. तिचा तळवा धरून पिशवीच्या टोकावर ठेवा आणि म्हणा, "इथे गोळा लागतोय ना? तो मऊ लागला की स्वतः चोळायचं आणि मला हाक मारायची." ज्या बाईचं तिसरं-चौथं बाळंतपण आहे तिला हे चटकन कळतं. पहिलटकरीणीला दोनदा सांगा, आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईलाही. वॉर्डात नेताना रात्रपाळीच्या सिस्टरला तोंडी सांगा, केसपेपरवरही लिहा, आणि वॉर्डात पोहोचल्यावर पलंगाशी उभं राहून दोघींनी मिळून एकदा पिशवी चाचपा.